पोस्ट निघाल्यानंतरचे रिते दिवस कसे भरावेत

राज्यसेवा परीक्षेच्या अंतिम यादीत नाव दिसलं, म्हणजे 'पोस्ट निघाली', की पहिले पंधरा दिवस कुठे जातात ते कळत नाही. गुलाल उधळतो, क्लासवाले फ्लेक्ससाठी फोटो मागतात, गावात मिरवणूक निघते, शाळेत सत्कार होतो. ज्या पाहुण्यांनी चार वर्षं 'अजून किती दिवस?' म्हणून विचारलं, त्यांचेच फोन आधी येतात. मग शाली कपाटात जातात, नारळ फुटून संपतात, फोन थंडावतो. नियुक्तीपत्र यायला मात्र अजून कित्येक महिने असतात: कागदपत्रं, वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी, कधी न्यायालयात अडकलेलं प्रकरण. सकाळी सहाला सवयीनं जाग येते आणि उठून करायचं काय, हे सुचत नाही. सगळं चांगलं झालेलं असताना असं का वाटतं याची लाज वाटते, म्हणून कुणी कुणाला सांगतही नाही.

यात विचित्र काही नाही आणि तुम्ही कृतघ्नही नाही. यातून बाहेर पडायचा रस्ता आहे. तो बराचसा वही, घड्याळ आणि चार माणसं यांच्यावर अवलंबून आहे. हे लेखन स्पर्धा परीक्षेच्या अंगानं केलं आहे, पण स्वतःचं घर, पीएचडी, बढती, परदेशातली नोकरी यांपैकी काहीही गाठलेल्याला ते लागू पडेल. ज्यांचा अभ्यास अजून चालू आहे त्यांनी तर आधी वाचावं. यातलं निम्मं काम निकालाआधीच करता येतं आणि तेव्हा केलेलं जास्त उपयोगी पडतं.

आनंद ओसरतो, त्याचं कारण

पोस्टच्या सगळ्यात जवळ जाणारा अभ्यास अमेरिकेतल्या प्राध्यापकांवरचा आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली तो प्रसिद्ध केला. टेक्सास विद्यापीठातल्या तरुण प्राध्यापकांना विचारलं, 'कायम नोकरी मिळाली तर किती सुखी व्हाल, नाही मिळाली तर किती दुःखी?' दोन्ही बाजूंनी अंदाज मोठे आले. प्रत्यक्षात निर्णय होऊन काही वर्षं गेलेल्यांकडे पाहिलं, तर मिळालेले आणि न मिळालेले यांच्या सुखात तेवढं अंतर नव्हतंच. घटना केवढी मोठी आहे ते माणसाला कळतं. तिच्या दुसऱ्या दिवशीही दात घासायचे असतात, रांगेत उभं राहायचं असतं, आईचं पथ्य सांभाळायचं असतं, हे अंदाज बांधताना डोळ्यांसमोर येत नाही.

दुसरा अभ्यास १९७८ चा, लॉटरी लागलेल्या २२ जणांचा. लॉटरीवाले शेजाऱ्यांपेक्षा फारसे सुखी नव्हते, एवढंच त्यातलं बहुतेकांना ठाऊक असतं. खरी मोलाची गोष्ट पुढे आहे: नाश्ता, मित्राशी गप्पा, एखादा विनोद अशा साध्या गोष्टींतून लॉटरीवाल्यांना इतरांपेक्षा कमी मजा येत होती. मोठ्या क्षणानं लहान क्षणांची चव उतरवली होती. संख्या लहान असल्यानं यावर फार मोठा इमला बांधू नये. पुढे स्वीडनमध्ये मोठ्या प्रमाणावर अभ्यास झाला, त्यात मोठं बक्षीस लागलेल्यांचं 'एकूण आयुष्याबद्दल काय वाटतं' या प्रश्नाचं उत्तर कित्येक वर्षं वरच राहिलेलं दिसलं. रोजच्या मनःस्थितीवरचा परिणाम मात्र त्यामानानं थोडा होता.

हा फरक नीट धरून ठेवा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. 'आयुष्य कसं चाललंय?' असं कुणी विचारलं तर पोस्ट तुम्हाला चांगलं उत्तर देते, आणि ते पुष्कळ दिवस टिकतं. पण 'आज दुपारी तीन वाजता कसं वाटत होतं?' या प्रश्नाचं उत्तर पोस्ट देत नाही. ते त्या दुपारी तुम्ही काय करत होतात आणि कुणाबरोबर होतात, यावर ठरतं.

मेंदूच्या बाजूनंही असंच आहे. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की आधी फळाचा रस मिळाला की डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी उसळत. रसाच्या आधी दिवा लागतो हे माकडाला कळल्यावर उसळी दिव्याला येऊ लागली, रसाला नाही. अपेक्षेप्रमाणे मिळालेल्या गोष्टीला या पेशी फारशी दाद देत नाहीत. पूर्व परीक्षेच्या उत्तरतालिकेत गुण मोजताना छाती जशी धडधडते, तशी नियुक्तीपत्र हातात आल्यावर का धडधडत नाही, ते यावरून समजतं.

आणि एक गोष्ट प्रयोगाशिवायही दिसते. तयारीच्या वर्षांत दिवसाला सांगाडा होता. अभ्यासिकेतली ठरलेली खुर्ची, अकराचा आणि चारचा चहा, मेसमधला तोच कोपरा, तेच पाच चेहरे, रात्री झोपताना उद्या कुठला घटक वाचायचा ते पक्कं. हाल होते हे खरं, पण सांगाडाही होता. निकालानं हाल संपवले आणि त्याबरोबर सांगाडाही नेला.

सात दिवसांची वही

इथून सुरुवात करा, बाकी सगळं नंतर. एक साधी शंभर पानी वही घ्या. मोबाइलमधलं ॲप नको, कारण ते उघडायला गेलं की दुसरंच काही उघडतं. रोज सकाळी चहाच्या वेळी आदल्या दिवसाचे तुकडे पाडा. एक तुकडा म्हणजे जागा, माणसं किंवा काम बदलेपर्यंतचा वेळ. साधारण दहा ते चौदा तुकडे पडतात. प्रत्येकासमोर वेळ, काम, सोबत कोण, आणि ० ते ६ मधले दोन आकडे लिहा: आनंद किती आणि 'हे करण्यात अर्थ होता' असं किती वाटलं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांच्या गटानं २००४ मध्ये टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांच्या दिवसाचं असंच मोजमाप केलं होतं. ही पद्धत त्याचीच घरगुती आवृत्ती आहे. 'अर्थ'चा रकाना आपण जोडलेला आहे.

एका पानावरच्या काही ओळी अशा दिसतील:

५.५० ते ६.३०, ओट्यावर चहा, वडील. बोलणं फार नाही. आनंद ५, अर्थ ४.
६.३० ते ८.१५, अंथरुणात मोबाइल, एकटा. आनंद २, अर्थ ०.
११ ते १.३०, तालुक्याला सत्कार, साठेक माणसं. आनंद ३, अर्थ १.
३ ते ४.१०, चुलतभावाचं कर्जमाफीचं प्रकरण, बँकेत त्याच्यासोबत. आनंद ३, अर्थ ६.
६ ते ६.४०, भाचीला भागाकार. आनंद ५, अर्थ ६.

पान लिहिताना आकडा चटकन टाका. विचार करत बसलात की 'काय वाटायला हवं होतं' ते लिहिलं जातं, आणि मग सत्काराला ५ मिळतात, भागाकाराला २. दुसरी हमखास होणारी चूक म्हणजे रात्री लिहिणं. रात्री मन दमलेलं असतं आणि दिवसातली शेवटची किंवा सगळ्यात बोचरी गोष्ट सगळ्या दिवसावर पसरते. तिसरी चूक: आकडे चांगले यावेत म्हणून त्या आठवड्यात मुद्दाम चांगलं वागणं. नेहमीसारखेच राहा, वही कुणाला दाखवायची नाही.

आठव्या दिवशी लाल पेन घेऊन ज्या तुकड्यांना दोन्ही आकडे ४ किंवा वर आहेत त्यांना गोल करा. सात पानांवर गोल फार नसतील. ज्यांना खूण झाली त्यांची वेळ, जागा आणि माणसं बघा. बहुतेक वेळा ती माणसं दोन-तीनच असतात, आणि यादीतल्या क्रमांकाशी त्या तुकड्यांचा काही संबंध नसतो. मग निळ्या पेननं असे तुकडे शोधा ज्यात तासाहून जास्त वेळ गेला आणि दोन्ही आकडे २ किंवा खाली राहिले. पुढच्या आठवड्यात निळ्यातला एक तास काढून लाल गोलातल्या कामाला द्यायचा, एवढंच. सगळा दिवस एकदम बदलायला घेतला तर तो चौथ्या दिवशी कोसळतो. तयारीच्या पहिल्या महिन्यातलं चौदा तासांचं वेळापत्रक आठवा.

लाल खुणांमधून दिवसाला तीन खुंट्या ठोका: उठल्यावरचं एक ठरलेलं काम, घराबाहेर पडण्याचं एक ठरलेलं कारण, आणि संध्याकाळी माणसांत बसण्याची एक ठरलेली वेळ. मधला वेळ मोकळा राहिला तरी चालेल. खुंटी वेळेवर हवी, अर्ध्या तासाच्या आत-बाहेर. 'सकाळी कधीतरी फिरून येईन' ही खुंटी होत नाही. 'सव्वासहाला बंधाऱ्यापर्यंत' ही होते.

नाम आणि क्रियापद

एका पानावर 'मला ही पोस्ट हवी होती, कारण...' हे वाक्य दहा वेळा, दर वेळी वेगळं कारण देऊन पूर्ण करा. पहिली चार कारणं भराभर येतील, ती मुलाखतीसाठी पाठ केलेली असतात. सातव्यानंतर पेन अडखळू लागतं, तिथून पुढचं खरं. आता ज्या कारणासाठी दुसऱ्यानं बघणं गरजेचं आहे ते खोडा: 'काकांना दाखवायचं होतं', 'सरकारी गाडी', 'स्थळं चांगली येतील'. यात वाईट काही नाही, माणसाला हे वाटतंच. पण ही कारणं निकालाच्या दिवशीच फिटली, त्यांच्यावर पुढची तीस वर्षं चालणार नाहीत. टिम कॅसर आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ पासून या विषयावर काम केलं. पैसा, नाव, रूप यांना आयुष्याच्या मध्यभागी ठेवणारी माणसं आणि नाती, स्वतःची वाढ, लोकांच्या उपयोगी पडणं यांना मध्यभागी ठेवणारी माणसं यांत दुसऱ्या गटाचं मन जास्त निकोप आढळतं, असं त्यांचं म्हणणं.

उरलेल्या कारणांतलं नाम काढून क्रियापद ठेवा. 'तहसीलदार' हे नाम आहे, ते एकदा मिळतं आणि संपतं. 'फेरफाराच्या नोंदी न रखडवणं', 'म्हाताऱ्या माणसाला दाखल्यासाठी दुसरी फेरी पडू न देणं' ही क्रियापदं आहेत. ती रोज करता येतात, कुठल्याही टेबलावर करता येतात, आणि नियुक्ती यायच्या आधीही करता येतात. गावातल्या चार जणांना दाखल्याचा अर्ज नीट भरून द्यायला नियुक्तीपत्र लागत नाही. क्रियापद चांगलं जमलं आहे की नाही, याची खूण एकच: ते आज संध्याकाळपर्यंत लहानशा प्रमाणात करून दाखवता आलं पाहिजे. 'समाजसेवा करणं' असं लिहिलंत तर पुन्हा लिहा.

ज्यांची पोस्ट निघाली नाही, त्यांच्याशी

या भागाला जास्त जागा देतो, कारण इथे माणसं सगळ्यात जास्त गमावतात. हार्वर्डमध्ये १९३८ साली सुरू झालेला, विद्यापीठातले २६८ विद्यार्थी आणि बोस्टनच्या गरीब वस्त्यांतली ४५६ मुलं यांच्या आयुष्याचा मागोवा घेणारा अभ्यास अजून चालू आहे. म्हातारपणी कोण सुखी आणि धडधाकट राहिलं हे पाहताना त्यात पुन्हा पुन्हा जवळची नाती पुढे येतात. तुमच्या हातात आत्ता अशी चार-पाच नाती आहेत. एका खोलीत राहून, एक डबा दोघांत खाऊन, एकमेकांच्या नापासाला रडून ती तयार झालेली आहेत. अशी नाती पुन्हा जुळणं फार कठीण.

निकालानंतर हे मित्र फोन करत नाहीत. तुम्ही मोठे झालात असं त्यांना वाटतं. त्यांना वाईट वाटेल म्हणून तुम्हीही करत नाही. दोन्हीकडून मायाच असते आणि सहा महिन्यांत नातं वाळतं. म्हणून पहिला फोन तुमचा. निकालानंतर दहा दिवसांच्या आत, आणि शक्यतो फोन न करता थेट जा. त्याच मेसमध्ये जेवा. बिल एकट्यानं भरू नका, पूर्वी जसं वाटून घेत होतात तसंच घ्या. 'तुझंही होईल रे' हे वाक्य टाळा, ते त्यानं इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्यात आता तुमचा आवाज उरत नाही. 'माझ्या वेळी मी असं केलं' हेही नको. नोट्स त्यानं मागितल्या तर सगळ्या द्या, न मागता रचून देऊ नका. काय विचारायचं? तब्येत, घरचं, खोलीचं भाडं, वाचनात सध्या काय आवडतंय. खरंच मदत करायची असेल तर नेमकी करा: 'मंगळवारी आणि शुक्रवारी नऊ ते दहा तुझं उत्तरलेखन वाचून देतो, मुख्य परीक्षेपर्यंत.' मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, १७५० गुण तिच्यावर आहेत, आणि लिहिलेलं प्रामाणिकपणे वाचून देणारा माणूस मिळणं अवघड असतं.

सत्काराचे फोटो त्या जुन्या गटात टाकू नका. अभ्यासिकेतल्या मुलांसमोर प्रेरणादायी भाषण द्यायची वेळ आलीच तर किती वेळा नापास झालात ते वर्षांसकट सांगा, आणि त्यात नशिबाचा वाटा किती होता तेही. कटऑफच्या अर्ध्या गुणानं इकडचा तिकडे होतो, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

यानंतर पाच नावं वहीच्या मागच्या पानावर लिहा. दोन मित्र, घरातलं एक माणूस, एखादे जुने शिक्षक, आणि एक जण तुमच्याहून दहा वर्षांनी लहान. प्रत्येकाला आठवड्यातला एक वार द्या आणि वीस मिनिटं. वार ठरला नाही तर हे होत नाही. फोनवर तुमच्या पोस्टचा विषय तुम्ही काढायचा नाही.

पैसा, गाडी, लग्न

थोडक्यात सांगतो. पहिले सहा पगार होईपर्यंत गाडीचं किंवा फ्लॅटचं कर्ज काढू नका. नव्या गाडीची नवलाई ओसरते, हप्ता पाच-सात वर्षं राहतो. पहिल्या पगारातून दुसऱ्यांवर खर्च करायचा भाग आधी बाजूला काढा, रक्कम लहान असली तरी. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ डन यांच्या २००८ च्या प्रयोगात ५ किंवा २० डॉलर दिलेल्यांपैकी ज्यांनी ते दुसऱ्यावर खर्च केले ते संध्याकाळी जास्त खूश होते, आणि रक्कम ५ की २० यानं फरक पडला नाही. खर्च नाव सांगता येईल अशा माणसावर आणि तुमच्या डोळ्यांसमोर व्हावा: भाचीचा चष्मा, मेसच्या मावशींना साडी. मंदिराच्या पाटीवर नाव घालून दिलेली देणगी इथे धरायची नाही.

स्थळांची रीघ लागेल. घरच्यांना स्पष्ट सांगा की सत्कार संपल्यानंतर तीन महिन्यांनी बघू. मिरवणुकीच्या धुंदीत घेतलेला होकार आणि रित्या दिवसांत घेतलेला होकार, दोन्ही नीट विचार करून दिलेले नसतात.

जिथे गुण मोजत नाहीत असं काहीतरी

चार-पाच वर्षं तुम्ही केलेली प्रत्येक गोष्ट गुणांसाठी होती. वर्तमानपत्रसुद्धा अधोरेखित करत वाचलं. आता आठवड्यातून तीनदा, चाळीस मिनिटं, असं काही करा ज्याला निकाल नाही: विहिरीत पोहणं, भजनी मंडळात टाळ धरणं, परसात भाजी लावणं, भाकरी थापायला शिकणं. काम तुमच्या कुवतीपेक्षा थोडं अवघड हवं. फार सोपं असेल तर मन पुन्हा मोबाइलकडे जातं, फार अवघड असेल तर आठवड्यात सुटतं. भाकरी चांगलं उदाहरण आहे. पहिल्या काही चिरतात, परातीला चिकटतात. पीठ गरम पाण्यात मळलं तर कडा धरते, आणि एक दिवस ती तव्यावर टम्म फुगते. त्या क्षणी डोक्यात दुसरं काही नसतं.

हे बिघडतं कसं तेही सांगायला हवं. तयारीची सवय असलेलं मन दोन महिन्यांत यालाही परीक्षा करतं. धावायला लागलेला माणूस अर्धमॅरेथॉनचा अर्ज भरतो, तबल्याला बसलेला प्रारंभिक-प्रवेशिका या संगीत परीक्षांच्या तारखा बघतो. एक वर्षभर अर्ज भरायचा नाही, वेळ नोंदवायची नाही, फोटो टाकायचा नाही, असं आधीच ठरवून घ्या.

आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री, त्या आठवड्यातल्या तीन चांगल्या गोष्टी आणि त्या प्रत्येक का घडल्या ते लिहा. रोज लिहायला घेतलं तर ते जपमाळेसारखं यांत्रिक होतं. 'का'चा भाग गाळू नका. त्यात दुसऱ्या माणसांची नावं येतात, आणि पुढच्या आठवड्यात कुणाला फोन करायचा ते तिथेच कळतं.

कधी थांबून डॉक्टरकडे जायचं

रितेपण वेगळं आणि आजार वेगळा. रितेपणात भाचीला शिकवताना किंवा मित्राबरोबर चहा पिताना बरं वाटतं. दोन आठवडे जवळपास रोज, दिवसभर मन उदास असेल, लाल गोल एकही पडत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर वही बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जिल्हा रुग्णालयात हा विभाग असतो. टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. 'पोस्ट निघालेल्याला कसलं नैराश्य?' असं कुणी म्हणेल. त्याला उत्तर देत बसू नका, आधी जाऊन या.

पुढची पोस्ट काढायची का?

एसटीआय (राज्य कर निरीक्षक) झालेला नायब तहसीलदार होऊ पाहतो, नायब तहसीलदार उपजिल्हाधिकारी. कधी त्याला खरं कारण असतं: कामाचं स्वरूप, घराजवळची जागा, वाढीचा वाव. कधी फक्त रितेपण सहन होत नाही म्हणून माणूस ओळखीच्या खुर्चीत परत जाऊन बसतो. फरक ओळखायला एक कसोटी पुरते. वरच्या पोस्टवरच्या माणसाचा साधा मंगळवार जाणून घ्या: सकाळी साडेनऊ ते रात्री किती बैठका, किती सुनावण्या, किती दौरा, जेवण कुठे. तो मंगळवार तुमच्या वहीच्या पद्धतीनं तुकडे करून लिहा आणि अंदाजानं आकडे द्या. मंगळवार आवडला तर अर्ज भरा. नुसती नावाची पाटी आवडली असेल तर सहा महिने थांबा.

आणि भरलात तर वारीसारखं भरा. आळंदीहून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपास चाल आहे. तिथे पोहोचल्यावर पदस्पर्शाच्या रांगेत तासन्‌तास जातात, म्हणून कित्येक वारकरी कळसाचं दर्शन घेऊन माघारी फिरतात आणि वारी अपुरी राहिली असं कुणालाच वाटत नाही. पंढरपूर नसतं तर कुणी चाललं नसतं, हेही तितकंच खरं. पण पहाटेचा काकडा, वाटेतले अभंग, विसाव्याची झुणका-भाकर, संध्याकाळचा हरिपाठ, शेजारी चालणारी तीच माणसं, हे सगळं मुक्कामाआधीच मिळालेलं असतं. पुढच्या वर्षी ते पुन्हा निघतात. पुन्हा तयारी करायची ठरवली तर तिन्ही खुंट्या, पाच नावं आणि तीन वेळचं निकाल नसलेलं काम वेळापत्रकात आधी लिहा, आणि मग उरलेल्या तासांत अभ्यास बसवा. हे उलट्या क्रमानं केलं की पहिल्याच मॉक टेस्टच्या आठवड्यात ते गळून पडतं.

तीन महिन्यांनी वहीचे सात दिवस पुन्हा लिहा. सरासरी काढू नका, नुसते लाल गोल मोजा आणि त्यातली किती माणसं तीच आहेत ते बघा. प्रशिक्षणाला जाताना ही वही बॅगेत वरच ठेवा. तिथे पहिल्या आठवड्यातच कुणाचा यादीत कितवा क्रमांक याची चर्चा सुरू होते, आणि सकाळच्या चहाला ती वही उघडायची सगळ्यात जास्त गरज तेव्हाच पडते.